पोलादाचा पत्रा आणि भिंतीवरची देवी

माणगावहून निजामपूरच्या रस्त्याने ताम्हिणी घाटाकडे निघालं की विळे-भागाडची एमआयडीसी लागते. पोस्को या कोरियन कंपनीचा पोलादाचा कारखाना तिथे आहे. त्याची कोल्ड रोलिंग मिल वर्षाला 18 लाख टन पत्रा तयार करू शकते. जाड पत्रा रुळांमधून दाबत दाबत पातळ करायचा, त्यातल्या काही भागावर जस्ताचा मुलामा चढवायचा, गुंडाळ्या करायच्या आणि ट्रेलरवर साखळदंडांनी आवळून मोटारीच्या कारखान्यांकडे धाडायच्या, असं इथलं काम. तिकडे हाच पत्रा अजस्र प्रेसखाली जातो आणि एका दणक्यात त्याचं मडगार्ड, दरवाजा किंवा बॉनेट होतं.

पत्र्याचा हा पुढचा प्रवास एका मेक्सिकन चित्रकाराने नव्वदहून अधिक वर्षांपूर्वी भिंतीवर रंगवून ठेवला आहे. डिएगो रिवेरा हे त्याचं नाव. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या कलासंग्रहालयात, मधल्या चौकाच्या चारही भिंतींवर, 27 भागांत पसरलेलं हे चित्र 1932 आणि 1933 या दोन वर्षांत तयार झालं. माणूस आणि कारखाना या विषयावरच्या आधुनिक चित्रांमध्ये त्याचं नाव सर्वांत आधी घेतलं जातं, आणि ज्याने कधी चित्र ‘वाचलेलं’ नाही त्यालाही वाचनाची सुरुवात करायला ते फार सोयीचं आहे.

अशा चित्रासमोर उभं राहिलं की आपल्या मनात पटकन दोनपैकी एक निकाल तयार होतो. एक तर चित्रकाराने यंत्रयुगाचं कौतुक केलंय, नाहीतर यंत्राने माणसाला कसं चिरडलं ते दाखवलंय. शाळेत ‘विज्ञान: शाप की वरदान’ हा निबंध लिहून लिहून ही सवय आपल्या अंगवळणी पडलेली असते. रिवेराच्या भिंतीला मात्र यातला कुठलाच निकाल पुरा पडत नाही. तिथे यंत्र देखणं आहे, भीतिदायकही आहे. कामगार बलदंड आहेत, आणि वाकलेलेही आहेत. म्हणून निकालाची घाई बाजूला ठेवून काही साधे प्रश्न हाताशी घ्यावेत. चित्रातल्या माणसाला गती कुठून मिळते? तयार झालेला माल कुठे आहे? काम न करता नुसतं बघत कोण उभं आहे? आणि चित्रात असायला हवं होतं पण नाही, असं कोण?

ओल्या चुन्यावरचा कारखाना

आधी चित्र कसं घडलं ते पाहू. संग्रहालयाचे संचालक विल्यम व्हॅलेंटिनर यांनी रिवेराला बोलावलं आणि पैसे दिले एडसेल फोर्ड यांनी. मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांचे हे चिरंजीव तेव्हा फोर्ड कंपनीचे अध्यक्ष होते. रिवेरा विचाराने पक्का डावा. मजुरांचं राज्य यावं असं म्हणणारा चित्रकार आणि भांडवलदार गिऱ्हाईक, अशी ही जोडी होती. एप्रिल 1932 मध्ये तो पत्नी फ्रिडा काहलो हिच्यासह डेट्रॉइटला आला. आल्यावर लगेच भिंतीला हात न लावता काही महिने तो फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्यात वही घेऊन हिंडला.

तो कारखाना म्हणजे एक शहरच होतं. एका टोकाला बोटींमधून लोखंडाची माती आणि कोळसा उतरायचा आणि दुसऱ्या टोकाने मोटार बाहेर पडायची. पोलाद, काच, वीज, सगळं आतच तयार व्हायचं. भरभराटीच्या काळात लाखाच्या आसपास माणसं तिथे राबत होती. रिवेराने यंत्रांची रेखाटनं इतक्या बारकाईने केली की भिंतीवर 1932 सालच्या फोर्ड व्ही-8 इंजिनाचे भाग जाणकाराला ओळखता येतात.

रंगवण्याची पद्धत मात्र जुनी होती. भिंतीवर चुन्याचा ओला गिलावा करायचा आणि तो सुकायच्या आत पाण्यात कालवलेले रंग लावायचे. गिलावा सुकताना रंग भिंतीचाच भाग होऊन जातो. यात खोडाखोडीला जागा नसते. सहाय्यकांनी जेवढा तुकडा गिलावा करून दिला तेवढा त्याच बैठकीत पुरा करावा लागतो. कारखान्यात पट्टा पुढे सरकतो म्हणून कामगाराला थांबता येत नाही. इथे चुना सुकतो म्हणून चित्रकाराला थांबता येत नव्हतं. उत्तरेच्या भिंतीवर डोक्यावर गोल टोपी घातलेला एक माणूस कामगारांमध्ये मिसळून उभा आहे. तो खुद्द रिवेरा. आपणही इथे पाळीवर आलो आहोत, हे त्याने असं नोंदवून ठेवलं.

प्रेसच्या जागी कोण बसलंय?

आता दक्षिणेच्या भिंतीपाशी जाऊ. मोटारीचा सांगाडा आणि पत्र्याचे भाग कसे बनतात ते इथे दिसतं. उजव्या बाजूला एक भलीमोठी स्टॅम्पिंग प्रेस आहे. नीट पाहिलं तर लक्षात येतं की बाकीची यंत्रं जशीच्या तशी रंगवणाऱ्या रिवेराने या एका यंत्राचा आकार मुद्दाम बदलला आहे. ती प्रेस एखाद्या बैठ्या, रुंद खांद्यांच्या मूर्तीसारखी दिसते.

ही मूर्ती कोआत्लिक्वे या देवीची असल्याचं अभ्यासक सांगतात. ती मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांची पृथ्वीमाता, देवांची आई. तिची प्रचंड दगडी मूर्ती 1790 साली मेक्सिको शहराच्या चौकात खोदकाम करताना सापडली. डोक्याच्या जागी समोरासमोर आलेले दोन साप, कमरेला सापांचाच घागरा, गळ्यात तोडलेले हात, काळजं आणि कवटी यांची माळ. स्थानिक लोक तिच्यापुढे फुलं आणि मेणबत्त्या आणू लागले, तेव्हा धास्तावलेल्या अधिकाऱ्यांनी ती पुन्हा पुरून टाकली. ही देवी जन्म देते आणि बळीही घेते. रिवेराला अशा प्राचीन मूर्ती जमवण्याचा नाद होता, त्यामुळे हे साम्य योगायोगाने आलेलं नाही.

अमेरिकन प्रेक्षकाला हे समजावून सांगावं लागतं. मराठी प्रेक्षकाला फारसं सांगावं लागत नाही. गळ्यात मुंडमाळ घातलेली आणि तरीही आई म्हणवली जाणारी देवी आपल्या ओळखीची आहे. यंत्राला देव मानण्याचीही आपल्याला नवलाई नाही. खंडेनवमीला वर्कशॉपमधली लेथ मशीन धुऊनपुसून स्वच्छ होते, तिला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. एसटीच्या डेपोत गाड्यांना हार चढतात. ज्याचा हात रोज त्या यंत्राखाली जातो, तोच फूल वाहताना नमस्कारासाठी वाकतो. पोट तिच्यावर आहे आणि बोटंही तिच्याच हवाली आहेत. त्या नमस्कारात कृतज्ञता किती आणि ‘सांभाळून घे’ किती, हे वेगळं काढता येत नाही. रिवेराने प्रेसला देवी केलं त्याचा अर्थ यंत्राची भक्ती असा लावला तर निम्मा हातातून निसटतो, आणि यंत्र म्हणजे राक्षस असा लावला तरी निम्माच हाती लागतो.

मूर्ती एकटीही नाही. दक्षिण आणि उत्तर या दोन भिंतींच्या वरच्या पट्ट्यात, दोन-दोन अशी, चार अवाढव्य स्त्रीरूपं पहुडलेली आहेत. लाल, काळी, गोरी आणि पिवळी, अशा चार वर्णांच्या या आकृती लोखंडाची माती, दगडी कोळसा, चुनखडी आणि वाळू यांच्या प्रतीक आहेत. याच कच्च्या मालापासून पोलाद आणि काच बनते. म्हणजे भिंत वरून खाली वाचायची आहे: वर पृथ्वीचं पोट, मध्ये भट्टी आणि पट्टा, आणि अगदी तळाशी करड्या रंगात काढलेल्या छोट्या चौकटी. या चौकटींत कामगाराचा एक दिवस आहे. हजेरीचं घड्याळ, जेवणाची सुट्टी, पगार, घरी निघालेली गर्दी. पुष्कळ प्रेक्षक वरचं भव्य चित्र पाहून निघून जातात आणि या चौकटी पाहायच्या राहून जातात.

गती कुणाची?

मधल्या पट्ट्यातल्या कामगारांकडे पाहा. कुणी ढकलतोय, कुणी ओढतोय, कुणी वाकून खटका दाबतोय. सगळ्यांच्या पाठीची कमान आणि सरकत्या पट्ट्याचं वळण एकमेकांत इतकं मिसळलं आहे की डोळा एका माणसावर थांबत नाही, पुढे घसरत जातो. हे पाहून नाचाची आठवण होते. पण नाचणाऱ्याला ताल आवडला नाही तर तो थांबू शकतो.

ही मुभा पट्ट्यावरच्या माणसाला नाही. फोर्डच्या कारखान्यात सरकता पट्टा 1913 मध्ये आला, तेव्हापासून कामगाराने कामापाशी जाण्याऐवजी काम कामगारापाशी येऊ लागलं, आणि ते किती वेगाने यावं हे दुसरंच कुणी ठरवू लागलं. चार्ली चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ 1936 साली आला. पाना फिरवून फिरवून सुट्टीतही चॅप्लिनचे हात तसेच झटके देत राहतात, आणि शेवटी तो दातेरी चाकांच्या पोटातच शिरतो. यंत्राबद्दलचं हे कुतूहल चॅप्लिनला आधीपासून होतं. गोलमेज परिषदेसाठी 1931 मध्ये गांधीजी लंडनला गेले होते तेव्हा तो त्यांना भेटला, आणि दोघांच्या बोलण्यात यंत्राचा विषय निघाला होता.

चॅप्लिनने जे हसवून सांगितलं ते रिवेराने गंभीरपणे रंगवलं, आणि एक फरकही केला. त्याचे कामगार दुबळे नाहीत. त्यांचे दंड भरदार आहेत आणि चेहऱ्यावर एकाग्रता आहे. काळे, गोरे, मेक्सिकन असे सगळे एकाच फळीत उभे आहेत. प्रत्यक्ष कारखान्यात अशी सरमिसळ सगळीकडे नव्हती. तिथे वर्णाप्रमाणे कामंही वेगळी पडत. इथे रिवेराने जसं होतं तसं न काढता जसं व्हावं असं त्याला वाटत होतं तसं काढलं. चित्र वाचताना हा सांधा ओळखावा लागतो. एकाच भिंतीवर यंत्राचा नटबोल्ट खरा असतो आणि माणसांची फळी स्वप्नातली असते.

मालाचा प्रश्नही इथेच विचारून घेऊ. एवढी धडपड मोटारीसाठी, तर मोटार कुठे आहे? शोधावी लागते. दक्षिणेच्या भिंतीवर, पट्ट्याच्या पार टोकाला, इवलीशी लाल गाडी आहे. जाहिरातीत गाडी पुढे असते आणि माणसं दिसतच नाहीत. इथे सगळी जागा माणसांनी आणि यंत्रांनी घेतली आहे आणि गाडी बोटाच्या पेराएवढी उरली आहे. रिवेराने मोटार कारखान्याचं चित्र काढताना मोटारच जवळपास वगळली, ही त्याने केलेली सर्वांत बोलकी निवड आहे.

बघे, साहेब आणि चित्राबाहेरचे

दक्षिणेच्याच भिंतीवर कामगारांच्या मागे काही जण नुसते उभे आहेत. नीटनेटके कपडे, ताठ चेहरे. फोर्ड कंपनी लोकांना कारखाना दाखवायला नेत असे, त्यातले हे पाहुणे. कामगार त्यांच्याकडे बघत नाहीत आणि पाहुण्यांच्या नजरेतही कुतूहलापलीकडे काही दिसत नाही. चित्रासमोर उभं राहून आपण काय करत असतो? तेच. रिवेराने प्रेक्षकालाच चित्रात उभं करून टाकलं आहे. पलीकडे खालच्या कोपऱ्यात एडसेल फोर्ड आणि व्हॅलेंटिनर आहेत. जुन्या देवळांत आणि चर्चमध्ये दान देणाऱ्याची आकृती कोपऱ्यात कोरायची रीत होती, ती इथे पाळली आहे.

आता अवघड प्रश्न. कोण नाही?

रिवेरा डेट्रॉइटला पोचण्याच्या काही आठवडेच आधी, 7 मार्च 1932 रोजी, बेकार झालेल्या हजारो कामगारांनी रिव्हर रूजवर मोर्चा नेला होता. महामंदीने त्यांची कामं गेली होती. पोलिसांनी आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी गोळीबार केला. चौघे त्या दिवशी मेले, पाचवा पुढे दगावला. ‘भुकेचा मोर्चा’ म्हणून तो प्रसिद्ध आहे. कामगारांचा कैवार घेणाऱ्या चित्रकाराच्या 27 भागांत या मोर्चाचा मागमूस नाही. भिंतीवरचा कारखाना भरभरून चालू आहे; बाहेरच्या खऱ्या कारखान्यातून माणसं घरी बसवली जात होती.

याला कचखाऊपणा म्हणावं की गिऱ्हाईकाची मर्जी, यावर वाद होत राहतात. एक मात्र खरं की अशा भिंतीमागे पैसा कुणाचा आहे हेही चित्रच सांगत असतं. डेट्रॉइटचं काम संपलं तेव्हा टीका झाली ती वेगळ्याच कारणावरून. बाळाला लस टोचण्याचं एक दृश्य ख्रिस्तजन्माच्या चित्रासारखं दिसतं म्हणून धर्मगुरू भडकले, आणि भिंतीला सरळ चुना फासा अशी मागणी एका वृत्तपत्राने केली. एडसेल फोर्ड ठाम राहिले आणि चित्र वाचलं. लगोलग रिवेराने न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये दुसरं भित्तिचित्र घेतलं. त्यातही मध्यभागी यंत्र हाताळणारा माणूस होता, पण बाजूला लेनिनचा चेहरा आला. तो काढायला रिवेराने नकार दिला, काम थांबवलं गेलं आणि फेब्रुवारी 1934 मध्ये ती भिंत फोडली गेली. तेच चित्र त्याने पुढे मेक्सिको शहरात पुन्हा काढलं.

इकडच्या भिंती

आपल्याकडे कापडगिरण्यांनी मुंबई उभी केली, पण रिवेरासारखं गिरणीचं महाकाय चित्र झालं नाही. साचेखात्यातल्या मागांचा खडखडाट, कापसाची उडती धूळ, भोंगा, पाळी आणि बदलीवाल्यांची दाराशी गर्दी हे सगळं शाहिरीत, कवितेत आणि नाटकात अधिक आलं. चित्रात हा माणूस ठळकपणे आणला तो सुधीर पटवर्धन यांनी. 1949 साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन पेशाने क्ष-किरणतज्ज्ञ. ठाण्यात त्यांनी तीस वर्षं वैद्यकी केली आणि बरोबरीने चित्रं काढली. त्यांच्या चित्रांत यंत्र क्वचितच समोर येतं. माणूस दिसतो तो कामावरून सुटल्यावरचा: इराण्याच्या हॉटेलात, रेल्वेच्या पुलावर, रस्त्याच्या कडेला. तरी खांद्यांच्या ठेवणीवरून, जडावलेल्या हातांवरून तो दिवसभर काय करून आला असेल याचा अंदाज येतो. रिवेराकडे शरीर यंत्रापाशी आहे, पटवर्धनांकडे यंत्र शरीरात मुक्कामाला आलं आहे. 18 जानेवारी 1982 रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद होत गेल्या. पटवर्धनांचं ‘लोअर परळ’ हे चित्र 2001 सालचं, म्हणजे गिरणगावाचं रूप पालटत असतानाचं. त्यांच्या पन्नासेक वर्षांच्या कामाचं मोठं प्रदर्शन 2019 च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलं होतं.

पुढच्या पिढीतले प्रभाकर पाचपुते याहून वेगळ्या वाटेने गेले. त्यांचा जन्म 1986 चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचा. हे कोळसाखाणीचं गाव, आणि पाचपुत्यांच्या घरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या खाणीत कामाला. खैरागड आणि बडोद्याला शिकून पाचपुत्यांनी हातात घेतला तो चित्रकाराचा कोळसा. तो लाकडाचा असतो, खाणीतला नव्हे. पण बोटं त्यानेही काळी होतात. मुंबईच्या क्लार्क हाऊसमध्ये 2012 साली त्यांचं प्रदर्शन झालं. ‘कॅनरी इन अ कोल माइन’ असं त्याचं नाव होतं. विषारी वायूची आगाऊ सूचना मिळावी म्हणून पूर्वी खाणीत कॅनरी पक्षी नेत असत, त्यावरून ते आलं.

पाचपुत्यांच्या आकृतींत धड माणसाचं असतं, आणि डोक्याच्या जागी कधी दिवा, कधी अवजार, कधी यंत्राचा तुकडा, कधी जनावर. पुष्कळदा हे सगळं थेट भिंतीवर रेखाटलेलं असतं आणि प्रदर्शन संपलं की पुसलं जातं. रिवेराचा रंग भिंतीत मुरून शंभर वर्षं टिकायला निघालेला, तर पाचपुत्यांचा कोळसा चार-सहा आठवड्यांचा सोबती. यातही अर्थ आहे. खाण जमिनीतून जे काढून नेते त्याची खूण वर उरत नाही, आणि ज्याने ते काढलं त्याचं नाव तर त्याहून नाही. रिवेरासमोर विचारलेला पहिला प्रश्न इथे विचारला तर उत्तर बदलतं. पट्टा माणसाला हलवत होता. इथे माणूस आणि अवजार यांच्यात शिवणच राहिलेली नाही. शिवाय पाचपुत्यांचा खाणकामगार अर्धा शेतकरी असतो, कारण खाण आली ती कुणाच्या तरी शेतात. वेल्समधल्या कार्डिफचा ‘आर्टेस मुंडी’ हा पुरस्कार 2021 साली सहा कलाकारांना मिळून देण्यात आला, त्यांत पाचपुते होते. वेल्स हाही कोळसाखाणींचाच मुलूख. सास्तीची भाषा तिथल्या लोकांना परकी वाटण्याचं कारण नव्हतं.

माणगावची भिंत

समजा, माणगावात एखाद्या मोठ्या भिंतीवर असं चित्र काढायचं ठरलं. लोणेरे इथे 1989 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, तिथली भिंत चालेल. रिवेराची मांडणी उसनी घेऊ आणि वरून खाली येऊ.

वरच्या पट्ट्यात लोखंड-कोळशाच्या जागी पाणी येईल. सह्याद्रीच्या माथ्यावर टाटांनी मुळशीचं धरण बांधलं. तिथलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून कोकणच्या बाजूला खाली सोडलं, आणि डोंगराच्या पायथ्याशी, माणगाव तालुक्यातल्या भिऱ्याला, 1927 मध्ये वीजघर सुरू झालं. ही वीज मुंबईला गेली आणि तिथले दिवे, यंत्रं त्यावर चालली. चाकं फिरवून मोकळं झालेलं पाणी कुंडलिकेत उतरतं. कोलाडला आज पर्यटक राफ्टिंग करतात ते त्याच सोडलेल्या पाण्यावर.

मधल्या पट्ट्यात एका बाजूला परळचे साचे येतील. कारण त्या साच्यांवर उभी असलेली बरीच माणसं कुलाबा (आजचा रायगड) आणि रत्नागिरी जिल्ह्यांतून, म्हणजे माणगाव, महाड, पोलादपूर या पट्ट्यातूनही गेलेली होती. एकाच तालुक्याने गिरणगावाला वीज दिली आणि हातही दिले. वीज तारेवरून गेली, माणसं एसटीने आणि बोटीने गेली. तिसऱ्या रेषेवर रेल्वे: रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा टप्पा 1993 मध्ये सुरू झाला आणि माणगावला स्टेशन मिळालं. तोवर गिरण्या विझत आल्या होत्या.

दुसऱ्या बाजूला विळे-भागाड. इथे चित्रकाराची पंचाईत होईल. आधुनिक रोलिंग मिलमध्ये पत्रा डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने धावतो आणि त्याच्याजवळ माणूस नसतो. माणूस काचेच्या केबिनमध्ये पडद्यावरचे आकडे पाहत बसलेला असतो. त्याची पाठ वाकलेली नाही, दंडाचे स्नायू ताणलेले नाहीत. ताण आहे तो नजरेत आणि रात्रपाळीच्या जाग्रणात. रिवेराची स्नायूंची भाषा इथे तोकडी पडते. अंगमेहनत संपलेली नाही, ती बाजूला सरकली आहे: ट्रेलरवर साखळी आवळणारा, सफाई करणारा, रात्रभर गाडी हाकून घाट उतरणारा. आजच्या कारखान्याचं चित्र काढायचं तर यंत्रापासून थोडं दूर, फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत चौकट वाढवावी लागेल.

आणि चौथा प्रश्न. या भिंतीवर कोण राहून जाण्याचा धोका आहे? मुळशीच्या पाण्याखाली गेलेली मावळातली गावं. त्यांच्यासाठी 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. वीजघराचं देखणं चित्र काढताना तो सहज निसटेल, जसा डेट्रॉइटच्या भिंतीवरून भुकेचा मोर्चा निसटला. त्याहून सहज निसटतील त्या बाया. नवरा मुंबईला साच्यावर, आणि इकडे भाताची लावणी, सासूसासऱ्यांचं दुखणंखुपणं आणि महिन्याच्या मनिऑर्डरीची वाट, हे सगळं त्यांच्या अंगावर. गिरणीला कामगार कमी मजुरीत परवडला, कारण त्याच्या घरादाराचा अर्धा भार गावाकडची शेती आणि ती पेलणारी बाई उचलत होती. पण ती कधी यंत्रापाशी उभी राहिली नाही, म्हणून यंत्राच्या चित्रात तिला जागा मिळत नाही. रिवेराने पूर्वेच्या भिंतीवर कंदाच्या पोटात वाढणारं बाळ आणि धान्य-फळं घेतलेल्या स्त्रिया काढल्या. सृजनाचं प्रतीक म्हणून त्या सुंदर आहेत. माणगावच्या भिंतीवर मात्र प्रतीक म्हणून बसवलेली बाई पुरणार नाही, कारण तिचं काम गिरणीच्या हिशेबातच होतं. तिला मधल्या पट्ट्यात, साच्याच्या शेजारी, चिखलात लावणी करताना दाखवावं लागेल.

माणूस आणि यंत्र यांची चित्रं वाचायला शिकण्याचा खरा उपयोग हाच. अशा चित्रात वरवर पाहता माणूस आणि लोखंड समोरासमोर असतात. प्रत्यक्षात ते माणसामाणसांतल्या देण्याघेण्याचं चित्र असतं, आणि लोखंड त्या व्यवहाराच्या मध्ये उभं असतं. वेग ठरवणारा आणि वेगाने वागणारा, पाणी देणारा आणि दिवा लावणारा, बघणारा आणि राबणारा यांची एकमेकांशी गाठ कुठे पडते ते चांगला चित्रकार दाखवतो, आणि जी गाठ त्याने दाखवली नाही ती हुडकायचं काम प्रेक्षकाचं. मुंबईत काळा घोड्याला एखादं प्रदर्शन पाहायला गेलात, किंवा डेट्रॉइटची भिंत पडद्यावर मोठी करून पाहिलीत, तर ‘हे यंत्राच्या बाजूचं की विरोधातलं’ असं विचारून वेळ घालवू नका. कोण थांबू शकतो आणि कोण थांबू शकत नाही, एवढं आधी पाहा. बाकीचा अर्थ तिथून उलगडत जातो.